घर विकून कर्ज मिटवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच अडचणीची आहेत. कर्ज थकलं आहे, घर विकायची तयारी आहे, पण ते कोणाला विचारून आणि कोणत्या क्रमाने विकायचं हे कळत नाही. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: पिंपरीतला फ्लॅट 2015 साली मुद्रांक आणि नोंदणी धरून 45 लाखांना घेतला. नंतर टॉप-अप कर्जही काढलं. नोकरी गेली आणि हप्ते थकले. आता बँकेची कलम 13(2)ची नोटीस आली आहे, मागणी 34 लाख 60 हजारांची. 68 लाखांना घेणारं गिऱ्हाईक तयार आहे. नोटिशीनंतर आम्हाला विकता येईल का? की बँकेशी तडजोड करून रक्कम कमी करून घ्यावी?

विकता येईल, आणि तुमच्या आकड्यांत तोच मार्ग चांगला आहे. फक्त बँकेच्या लेखी संमतीशिवाय इसारही घेऊ नका. सरफेसी, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून कर्जवसुली करण्याच्या कायद्याच्या कलम 13(13)नुसार, ही नोटीस मिळाल्यावर तारण मालमत्ता बँकेच्या पूर्वसंमतीशिवाय विकता किंवा भाड्याने देता येत नाही. त्याचा भंग शिक्षापात्र आहे. गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी आधी पत्र, मग पैसे.

नोटिशीच्या तारखेपासून 60 दिवस मिळतात. मागणीचा आकडा पटत नसेल तर याच काळात लेखी हरकत द्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खातेउतारा मागवून दंडाची रक्कम मुद्दाम तपासा. रिझर्व्ह बँकेच्या 2023च्या नियमांनुसार थकबाकीसाठी दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिळवून किंवा मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. 60 दिवस संपले की बँक आधी कागदोपत्री ताबा घेते, मग मूल्यांकन करून लिलाव लावते. पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची विक्री-नोटीस द्यावी लागते.

तुमची खरी अंतिम तारीख लिलावाची नाही, लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याची आहे. 2016च्या दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क ती नोटीस प्रसिद्ध होताच संपतो. बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू’ हा जुना सल्ला अजूनही दिला जातो, आणि त्यापायी घरं जातात.

तडजोडीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तुम्ही तडजोड मागू नका. घराची किंमत कर्जाच्या जवळजवळ दुप्पट असताना दोन-तीन लाखांच्या सवलतीसाठी पत-अहवालावर ‘सेटल्ड’ (कमी रक्कम घेऊन मिटवलेलं कर्ज) असा शेरा ओढवून घेण्यात फायदा नाही. पूर्ण रक्कम भरा, खातं ‘बंद’ अशी नोंद करून घ्या. दंडाची रक्कम माफ करण्याची विनंती मात्र जरूर करा, ती अनेकदा मान्य होते.

आता क्रम. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला अर्ज द्या, प्रत शाखेला. अर्जात खरेदीदाराचं नाव, ठरलेली किंमत, त्याचे पैसे कुठून येणार आणि व्यवहाराच्या तारखा लिहा. खरेदीदाराचं कर्जमंजुरीचं पत्र जोडा. ते नसलेल्या अर्जाला बँक मुदत मागण्याचा बहाणा समजते. बँकेकडून तीन कागद मागा: विक्रीची संमती, ठरावीक तारखेपर्यंत लागू असलेलं फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचा हिशेब (त्यात रोजचं व्याज किती हेही हवं) आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ दस्तांची यादी.

बहुतेक व्यवहार एकाच जागी अडकतात. खरेदीदाराची बँक म्हणते, मूळ कागद दाखवा म्हणजे पैसे देऊ. तुमची बँक म्हणते, पैसे द्या म्हणजे कागद देऊ. यावर उपाय म्हणजे तुमच्या बँकेचं दुसऱ्या बँकेच्या नावे हमीपत्र: अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम या कर्जखात्यात जमा झाल्यास यादीतले दस्त थेट खरेदीदाराच्या बँकेच्या प्रतिनिधीकडे देऊ. हे पत्र आलं की तुमच्या कर्जाएवढी रक्कम खरेदीदाराच्या बँकेने डीडी किंवा आरटीजीएसने थेट तुमच्या कर्जखात्यात भरायची, तुमच्या बचत खात्यात नाही. बचत खात्यावर दुसऱ्या कुणाची जप्ती किंवा आपोआप वळती होणारे हप्ते असतील तर पैसे अडकतात आणि सगळा व्यवहार फिसकटतो. साठेखतात अट घाला की बँकेची संमती रद्द झाली तर इसार किती दिवसांत परत करायचा.

तुमचा हिशेब साधारण असा होईल. रोजचं व्याज 850 रुपये धरलं तर 60 दिवसांचे 51 हजार, म्हणजे बँकेला 35 लाख 11 हजार. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याने खरेदीदार 1 टक्का, म्हणजे 68 हजार रुपये, टीडीएस (तुमच्या नावे आगाऊ प्राप्तिकर) कापणार. दलाली 1 टक्का धरली तर आणखी 68 हजार. सोसायटीची थकबाकी 85 हजार समजू, कारण ती भरल्याशिवाय ना-हरकत दाखला मिळत नाही. नोंदणीच्या वेळी हातात 30 लाख 68 हजार उरतात.

भांडवली नफ्यावरचा कर लोक विसरतात. सगळे पैसे बँकेत गेले, मला काही मिळालं नाही, म्हणून कर नाही, असं होत नाही. स्वतः काढलेल्या कर्जाची परतफेड नफ्यातून वजा मिळत नाही. घर 23 जुलै 2024पूर्वी घेतलेलं असल्याने निवासी भारतीय व्यक्तीला दोन पद्धतींतली कमी कराची पद्धत लागू होते. महागाईचा निर्देशांक न लावता: 68 लाखांतून दलाली आणि 45 लाख वजा करून 22 लाख 32 हजार नफा, त्यावर 12.5 टक्के आणि 4 टक्के उपकर मिळून 2,90,160 रुपये. निर्देशांक लावून: खरेदी 2015-16मधली, निर्देशांक 254, आणि 2025-26चा 376, म्हणून खरेदीची किंमत 66 लाख 61 हजार धरली जाते. नफा सुमारे 70 हजार आणि 20 टक्क्यांनी कर उपकरासह 15 हजारांच्या आत. कापलेल्या 68 हजारांतले 50 हजारांवर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. विवरणपत्र भरणाऱ्याला दोन्ही गणितं करायला सांगा.

पैसे भरल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे असतात. उशीर तिच्यामुळे झाला तर रोज 5,000 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश 1 डिसेंबर 2023पासून लागू आहे. सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला बोजा उतरल्याची खात्री करा. गहाणखत नोंदणीकृत असेल तर परतगहाणखतही (गहाण सुटल्याचा दस्त) दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. हे राहिलं की सहा महिन्यांनी खरेदीदाराचा फोन येतोच.

प्रश्न: आमच्या घराला 30 लाखांच्या वर कोणी देत नाही आणि बँकेचे 37 लाख झाले आहेत. घर विकून उरलेले 7 लाख माफ होतील का? भावाची जामीनकी आहे, त्याचं काय?

माफी मागता येते, हक्काने मिळत नाही. एकरकमी तडजोड द्यायलाच हवी असं न्यायालयही बँकेला सांगू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021मध्ये बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटलं. पण 8 जून 2023च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार तडजोडीसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण प्रत्येक बँकेकडे असावं लागतं. त्यामुळे ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. शाखाधिकाऱ्याला हे अधिकार सहसा नसतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवायला सांगा आणि पोच घ्या.

देकार पुराव्यांसह द्या: नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, खरेदीदाराचं लेखी मागणीपत्र, उत्पन्नाचे कागद. बँक मनात एकच तुलना करते: लिलावातून, खर्च आणि वेळ जाऊन, तिला निव्वळ किती मिळेल. तुमचा देकार त्याहून वर असला पाहिजे, आणि तो का वर आहे हे अर्जात दिसलं पाहिजे. रिकामं नसलेल्या घराला लिलावात कमी भाव येतो आणि खासगी विक्रीत तुम्ही ताबा स्वतःहून देता, हा मुद्दा स्पष्ट लिहा.

रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त मुदत घेतली तर नियमांत ती पुनर्रचना धरली जाते, म्हणून बँका 90 दिवसांच्या आत पैसे मागतात. खरेदीदाराचं कर्ज मंजूर होण्याआधी तडजोडीच्या पत्रावर सही केलीत तर हे 90 दिवस कागद जमवण्यातच संपतात. एक तारीख चुकली की सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या 37 लाखांत जमा धरले जातात. पत्रात तारीख चुकल्यास 15 दिवसांची वाढ, व्याजासह, अशी अट आधीच मागा.

भावाचं नाव पत्रात असायलाच हवं. ‘कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांच्याकडून उर्वरित रक्कम वसूल केली जाणार नाही’ हे वाक्य नसेल तर बँक उरलेल्या 7 लाखांसाठी भावाकडे जाऊ शकते. धनादेश न वटल्याचे खटले आणि कर्जवसुली न्यायाधिकरणातला दावा मागे घेण्याची तारीखही त्यातच हवी. अहवालावर ‘सेटल्ड’ शेरा पडेल. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत किमान 12 महिने त्या बँकेकडून नवीन कर्ज मिळणार नाही. हे मान्य असेल तरच पुढे जा.

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्थेचं कर्ज आहे. 101चा (थकबाकी वसुलीचा) दाखला निघाला आणि वसुली अधिकाऱ्याने घरावर जप्ती लावली. सरफेसीच्या 60 दिवसांची सवलत आम्हाला मिळेल का?

नाही. सहकारी बँकांना सरफेसी कायदा लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2020 रोजी मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं, पण पतसंस्था बँक नाही. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 आणि 156 आणि नियम 107प्रमाणे चालते.

दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम 154प्रमाणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आकडा उघड चुकीचा असेल तरच त्या वाटेला जा. घर विकायचंच असेल तर ती निम्मी रक्कम तडजोडीत घालणं बरं.

जप्तीनंतर परस्पर केलेली विक्री त्या वसुलीपुढे टिकत नाही, म्हणून संस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव घ्या: अमुक खरेदीदाराला अमुक किमतीला विक्रीस संमती, अमुक रक्कम मिळताच जप्ती उठवणे. सचिवाचं तोंडी आश्वासन पुरत नाही. सामोपचार परतफेड योजना (सवलतीत थकबाकी मिटवण्याची) चालू आहे का ते उपनिबंधक कार्यालयात विचारा. ठराव झाला की वसुली अधिकाऱ्याचं जप्ती उठवल्याचं पत्र घेऊन मिळकत पत्रिकेवरची, किंवा घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना 8वरची, नोंद कमी करून घ्या. ही नोंद राहिल्यामुळे खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झाल्याची उदाहरणं खूप आहेत.

लिलाव झालाच असेल तर शेवटची एक संधी उरते: विक्रीपासून 30 दिवसांत पूर्ण थकबाकी, खर्च आणि खरेदीदारासाठी लिलावाच्या किमतीच्या 5 टक्के रक्कम भरून विक्री रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

प्रश्न: कंपनीच्या कर्जाला मी वैयक्तिक हमी दिली होती. कंपनीचा विषय राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात संपला, आता बँक माझ्यामागे आहे. घर विकून सगळ्या धनकोंना एकत्र देण्याची कायदेशीर सोय आहे का?

तुमच्यासाठी आहे. दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना 1 डिसेंबर 2019पासून लागू आहे. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 21 मे 2021च्या निकालाने पक्कं झालं.

परतफेडीची योजना तुम्ही निराकरण व्यावसायिकाच्या (या प्रक्रियेसाठी नेमलेल्या तज्ज्ञाच्या) सल्ल्याने तयार करता. धनकोंच्या सभेत मतदान करणाऱ्यांपैकी रकमेच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त मतं मिळाली की ती न्यायाधिकरणापुढे जाते. घर ज्या बँकेकडे गहाण आहे तिच्याकडे बारीक लक्ष द्या. तिने योजनेवर पूर्ण मत दिलं तर योजनेच्या काळात, योजनेच्या अटींप्रमाणे, तारणावरची कारवाई तिला सोडावी लागते. तिने फक्त तारण नसलेल्या रकमेपुरतं मत दिलं तर ती घरावर स्वतंत्रपणे जाऊ शकते, आणि तुमची योजना पोकळ होते. म्हणून सभेआधी तिच्याशी बोलणी पूर्ण करा.

योजनेत घराची किमान किंमत, विक्रीसाठी चार-सहा महिन्यांची मुदत, ती टळली तर कोण विकणार, पैसे आधी कोणाला, आणि तुमच्या कुटुंबाचा किमान मासिक खर्च हे सगळं आकड्यांत हवं. बोजा नसलेलं एकमेव राहतं घर वगळण्याची तरतूद आहे, पण मर्यादा शहरात 20 लाख आणि ग्रामीण भागात 10 लाख. पुण्या-मुंबईतल्या घराला ती क्वचितच उपयोगी पडते. आणि तुमची सुटका झाली तरी त्याच कर्जाचा दुसरा जामीनदार सुटत नाही.

घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करण्याचा सल्ला मिळतोय, असंही तुम्ही लिहिलं आहे. करू नका. घर गहाण असेल तर बोजा त्याच्याबरोबर जातो. नसेल तरी धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53नुसार रद्द होऊ शकतं. मग तडजोडीच्या टेबलावर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये असतो. माझा आयव्हीए, म्हणजे धनकोंशी झालेला वैयक्तिक करार, चालू आहे. इथलं घर पत्नीबरोबर संयुक्त आहे आणि पुण्यात आईबरोबर एक फ्लॅट. इथलं घर विकलं तर करार लवकर संपेल का? पुण्याचा फ्लॅट सांगावा लागतो का?

फ्लॅट सांगावाच लागतो. मालमत्ता कोणत्या देशात आहे याने फरक पडत नाही. ती लपवून करार मिळवला असेल तर तो मोडून दिवाळखोरीचा अर्ज होऊ शकतो. आजवर सांगितलं नसेल तर आजच करार चालवणाऱ्या पर्यवेक्षकाला लेखी कळवा, आणि त्याआधी स्टेपचेंज किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थांचा मोफत सल्ला घ्या. फ्लॅटचे पैसे आईने भरले असतील तर तिचे बँक उतारे आणि साठेखत जोडा, म्हणजे तिचा हिस्सा वेगळा दाखवता येईल.

इंग्लंडच्या घराबद्दल: गहाण कर्ज देणारी संस्था तिच्या संमतीशिवाय कराराने बांधली जात नाही, तिचे पैसे पूर्ण जातात. समजा किंमत 3,60,000 पौंड, गहाण कर्ज 2,85,000 आणि दलाल, वकील मिळून खर्च 8,000. उरतात 67,000, त्यातला तुमचा अर्धा हिस्सा 33,500. पत्नीचा अर्धा हिस्सा करारात येत नाही, मात्र कर्ज दोघांच्या नावे असेल तर धनको तिच्याकडे वेगळे जाऊ शकतात. ठरावीक व्याजदराची मुदत संपायच्या आत विकलंत तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क आधी विचारा, ते हजारो पौंडांत असू शकतं.

भूमी नोंदवहीत पर्यवेक्षकाचं निर्बंध-टिपण असेल तर त्यातली अट पाळल्याशिवाय विक्री नोंदली जात नाही, म्हणून जाहिरात देण्याआधीच त्याला कळवा. 33,500मध्ये करारातली सगळी देणी भागत नसतील तर एकरकमी रक्कम घेऊन करार संपवण्यासाठी धनकोंचं पुन्हा मतदान घ्यावं लागतं. करारात वेगळी अट नसेल तर ते रकमेच्या 75 टक्क्यांनी मंजूर होतं. नव्या भाड्याच्या घराची अनामत आणि सामान हलवण्याचा खर्च प्रस्तावातच मागा. नंतर मागितलेला सहसा मिळत नाही.

पुण्याचा फ्लॅट विकावा लागला तर तुम्ही अनिवासी असल्याने खरेदीदाराला 1 टक्क्याचा नियम लागू नाही. कपात खूप मोठी होते, म्हणून व्यवहाराआधी प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला काढा. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) येतात आणि कर भरल्याच्या कागदांसह एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. सहीसाठी येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत चुकली की दंड लागतो आणि दुय्यम निबंधकापुढची तारीख पुढे जाते. त्यामुळे खरेदीदार पक्का झाल्यावरच मुखत्यारपत्र करा, आणि त्यात फ्लॅटचा क्रमांक, खरेदीखतावर सही आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार वेगवेगळे नमूद करा.